ह्यांना

४ फेब्रुवारी

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

जहाजावर फक्त अक्षरं पोहोचतात, आवाज पोहोचत नाही, असं तू जाताना सांगितलं होतंस. म्हणून फोनची वाट न बघता ईमेलने लिहितो आहे. तुझ्या ताईचा आवाज गेला. घशातला गेल्या वर्षीच गेला होता, मी मशीनमधल्या आवाजाबद्दल लिहितो आहे.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो. पण मीच घाबरलो आहे, तेव्हा ते खोटं होईल.

झालं ते असं. बोलण्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या की खुर्चीला लावता येईल असं एक छोटं यंत्र मिळतं. ते लावलं तर हिला अंगणात बसूनही बोलता येईल. आता बोलायचं म्हटलं की पलंगाशेजारच्या टेबलावरच्या मशीनपर्यंत यावं लागतं, आणि अंगणात नेली की बिचारी मुकी. फक्त हिच्या वाक्यांच्या फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत हवीत, मराठी नावांच्या जागी त्या यंत्रात नुसते चौकोन दिसतात. प्रत्येक फाइलीला तिच्यातलं वाक्यच मराठीत नाव म्हणून द्यायचा हट्ट माझाच होता, हे तुला आठवत असेल. हिच्या बोलण्याला परकी अक्षरं कशाला, म्हणालो होतो. वर हिच्याच आवाजात भरायच्या वाक्यांच्या तुझ्या यादीवर लाल पेन्सिलही चालवली होती. छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून हाताला खोड लागली आहे.

तू समुद्रावर, तुला कशाला त्रास द्या, असं मनात आलं. फाइलींच्या नावांतली विचित्र अक्षरं कशी काढावीत, असं इंटरनेटवर विचारलं. एका माणसाने उत्तर दिलं होतं, त्याखाली अनेकांनी आभार मानले होते. ती ओळ उतरवून मशीनच्या पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी असते तीत घातली:

for f in *; do mv "$f" "$(echo "$f" | tr -cd 'A-Za-z0-9._')"; done

खिडकी काही बोलली नाही. ती गप्प राहिली तर काम झालं असं समजायचं, हे तूच शिकवलं होतंस. मी समाधानाने पाणी प्यायला उठलो. परत येऊन यादी मागितली, तर काहीच नाही. हिची सगळी वाक्यं असलेला तो कप्पा रिकामा.

हिला सांगितलं, मशीन दमलंय. तिने बोटाखालची कळ दाबून पाहिली, पुन्हा दाबली, मग माझ्याकडे बघत राहिली. मी उगाच वायरी हलवल्या.

काय करू ते लवकर कळव.

तुझा,
दाजी


६ फेब्रुवारी

आदरणीय दाजी,
सा. न.

आधी दोन्ही हात मशीनवरून उचला आणि मग पुढचं वाचा.

त्या उत्तर देणाऱ्याच्या लेखी विचित्र अक्षरं म्हणजे ए ते झेड सोडून जगातलं सगळं. म्हणजे आपल्या अ पासून ज्ञ पर्यंत सगळा कचरा. त्याने तो झाडून काढला. नावांत दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे मागे नाव उरलंच नाही. नावं गेली, आत काय झालं ते मागाहून बघू.

धीर धरा, कारण सावली आहे. मशीनच्या मागे काळी डबी लावून ठेवली आहे ना, त्या डबीत मी रोजची नक्कल ठेवतो. त्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली आहे, तिचं नाव सावली. रोज दुपारी बाराला ती आपोआप चालते आणि मशीनमध्ये जे असेल ते डबीत तसंच करून ठेवते. तुम्ही तेव्हापासून मशीन बंद ठेवलं असेल तर ती अजून चालली नसेल, तेव्हा डबीची तार दुपारी बाराच्या आत काढा. हे महत्त्वाचं आहे, दाजी, बाराच्या आत. डबीवर नवीन काहीही ठेवू नका, एक फोटोसुद्धा नाही.

मग काळ्या खिडकीत एवढं लिहा:

ls -la

आणि जे दिसेल ते मला तसंच्या तसं लिहून पाठवा. नंतर मशीन बंद.

आमच्या जहाजावरची पत्रं कप्तानाच्या खोलीतल्या संगणकावरून गठ्ठ्याने सुटतात. हे लवकर सुटावं म्हणून त्याच्या मागे लागलो आहे. ताईला म्हणा, छोट्या आहे.

तुमचा,
छोट्या

ता. क. लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्या मी केल्या नव्हत्या, ते आता सांगून टाकतो. तुम्ही सगळीकडे 'ह्यांना' खोडून 'यांना' केलं होतंत. पण ताई 'ह्यांना' म्हणते. मी ती बोलते तसंच ठेवलं.


८ फेब्रुवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. मधल्या सगळ्या दुपारी उलटून गेल्या, मशीन चालूच होतं.

वाचल्याबरोबर डबी उघडून बघितली. तुझी सावली फार प्रामाणिक आहे रे. मशीनमध्ये रिकामं होतं, तिने डबीतला तो कप्पाही रिकामा करून ठेवला. झाड तोडल्यावर सावली कुठे राहणार.

आणखी एक सांगायचं आहे, ते लिहायला हात वळत नाही. काल व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. तोपर्यंत हिचं काम चालावं म्हणून त्यांनी यंत्राचा तयार आवाज आणून दिला. बराच मोठा ऐवज होता. डबी रिकामी दिसली म्हणून मी तो डबीतच भरला.

तो आवाज लावला. कुठल्याशा बाईचा आहे, फलाटावर गाडीची सूचना देतात तसा. 'कृपया खिडकी उघडा.' तुझी ताई आयुष्यात कुणाला कृपया म्हणाली आहे का? तिचं वाक्य होतं, 'खिडकी उघडा, मी काय लोणच्याची बरणी आहे?' मी ते दिवसातून कितीदा ऐकत होतो, आणि खरं सांगतो, कधीकधी कंटाळून उघडत होतो. आता या पाहुण्या बाईने कृपया म्हटलं, तर हिने डोळे मिटून घेतले. कळ दाबायला सांगितली तर बोट हलवेना. ते एकच बोट आहे तिच्या ताब्यात, आणि ते तिने मिटून घेतलं.

तू म्हणालास ते लिहून बघितलं. टिंबं तेवढी आहेत, बाकी काही नाही. मशीन बंद केलं आहे.

सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले. हिचे फोटो ढीगभर, बोलणं कुठेच नाही. शिलाई मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या धरलेली. तोंडात टाचण्या असलेलं माणूस बोलणार कसं.

अजून तिला खरं सांगितलेलं नाही. सकाळी हात जोडून उभा राहतो, पण काय मागायचं ते सुचत नाही. गेलेलं परत दे म्हणणं देवालाही अवघड जाईल असं वाटतं. लेकीला बोलावून घेतलं आहे.

तुझा,
दाजी


९ फेब्रुवारी

आदरणीय दाजी,
सा. न.

डबीवर भरलंत ते वाचून मी डेकवर जाऊन उभा राहिलो. तुमच्यावर चिडलो होतो, मग स्वतःवर चिडलो. सावलीला गेलेलं पुसू नकोस एवढं शिकवायला एक शब्द पुरला असता. जागा वाचावी म्हणून तो मी घातला नाही.

तरी डबी घेऊन बाजारात जा. पुसलेलं परत काढून देणारी दुकानं असतात. मशीनमधली तबकडी नव्या पद्धतीची आहे, तिच्यातलं पुसलं की पुसलंच. डबी जुन्या पद्धतीची आहे, म्हणून आशा. दुकानदाराला सांगा, आवाज हवेत, बाकी काही मिळालं नाही तरी चालेल.

आणि 'टिंबं तेवढी' असं मोघम नको. एकेक ओळ लिहा. छापखान्यात स्वल्पविरामासाठी तुम्ही लोकांची डोकी खाता, आता माझ्यासाठी खा.

ताईला सांगा असं म्हणवत नाही, आणि सांगू नका असंही म्हणवत नाही.

छोट्या


१३ फेब्रुवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

दुकानदार तरुण आहे, बोलायला गोड. दोन दिवस डबी ठेवून घेतली. आज गेलो तर म्हणाला, "काका, याच्यावर नवीन भरलंय ना, तेवढ्यात खालचं गेलं." मग म्हणाला, काही तुकडे मिळाले आहेत, ऐकता का. त्याने कानाला लावायचं दिलं. खरखर होती, वाळूवरून पोतं ओढल्यासारखी. मध्येच एकदा 'पा' ऐकू आलं. पाणी असेल, किंवा पाय. पुन्हा लाव म्हटलं, त्याने लावलं. पुन्हा लाव म्हटलं. चौथ्यांदा त्याने ते माझ्या कानावरून हळूच काढून घेतलं आणि पैसे नको म्हणाला. त्याने पैसे घेतले असते तर मला बरं वाटलं असतं. पैसे नको म्हणतात तेव्हा आशा संपलेली असते.

लेक आली आहे. ती बरोबरच बोलते, म्हणून जास्त लागतं. "बाबा, तुम्हाला येत नाही तर हात का लावलात? मला एक फोन करता येत नव्हता? मामा बसवून गेला, तुम्हाला फक्त बघायचं होतं." स्वयंपाकघरात बोलत होती, पण आपलं घर केवढंसं. पलीकडे हिला ऐकू जात असणारच. मी म्हणालो, हळू बोल. तर म्हणाली, "आता हळू बोलून काय उपयोग, आई काय ओरडणार आहे?" आणि मग स्वतःच तोंड फिरवून भांडी घासायला लागली. घासलेली भांडी.

अंगणात बसून हिने बोलावं एवढीच माझी इच्छा होती. पेरूच्या झाडाखाली खुर्ची नेऊन ठेवायची जागासुद्धा बघून ठेवली होती. आता ती घरातही बोलत नाही. अक्षरांचा फळा आहे, मी ओळीवर बोट फिरवायचं आणि तिने डोळे मिटून अक्षर सांगायचं. पण त्या पाहुण्या बाईचा आवाज लावल्या दिवसापासून ती फळ्याकडेही बघत नाही. डॉक्टर म्हणतात, पापण्याही हळूहळू जड होत जातील. म्हणजे हा रस्ताही उघडा आहे तोवर आहे. छोट्या, मला वाटतं ती आता आतून दार लावून घेते आहे, आणि कडी मीच तिच्या हातात दिली.

तू मागितलंस म्हणून मशीन पुन्हा लावून पाहिलं. एकेक ओळ लिहितो. वर एक एकूण की काय अशी ओळ. मग टिंबांच्या तीन ओळी. एक टिंब म्हणजे आपलंच घर, दोन टिंबं म्हणजे त्याच्या बाहेरचं घर, टिंबांना कधी हात लावायचा नाही, हे तुझे शब्द मी पाठ केले आहेत, त्यामुळे लावलेला नाही. तिसरं टिंब आहे, त्याला पुढे wav असं शेपूट आहे. बाकी काही नाही.

मशीनचं आता काय करायचं ते सांग. टेबलावरून हलवलं तर तिला कळेल, नाही हलवलं तर ते दिवसभर माझ्याकडे बघतं.

दाजी


१४ फेब्रुवारी

दाजी,

टिंबाची घरं दोनच असतात. तिसरं घर नाही, ती फाइल आहे.

कप्तानाला सांगून हे पत्र एकटंच सोडायला लावलं आहे. नीट वाचा. नावातली मराठी अक्षरं गेली की मागे फक्त शेपूट राहतं, टिंब आणि wav. ज्याचं नाव टिंबाने सुरू होतं ते मशीन नेहमीच्या यादीत दाखवत नाही, झाकून ठेवतं. म्हणून तुम्हाला कप्पा रिकामा दिसला.

आता वाईट भाग, जो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि मी लिहिला नाही. सगळ्यांना एकच नाव मिळालं. एका नावाची एकच फाइल राहू शकते. पहिलं वाक्य त्या नावावर बसलं, दुसऱ्याने त्याला पुसून जागा घेतली, तिसऱ्याने दुसऱ्याला. सगळी वाक्यं अशी एकमेकांवर बसत गेली. जे सर्वांत शेवटी बसलं तेवढं एक खाली दबलं नाही. मला वाटलं होतं, सावलीतून सगळंच परत येईल, मग तुम्हाला हे कळायची गरजच नाही.

म्हणजे एक आहे, दाजी. एकच आहे, पण पूर्ण आहे.

मशीन अक्षरांच्या क्रमाने जातं. आपल्या अक्षरांत शेवट ह चा. ह ने सुरू होणारं मला आठवतं ते 'हो'. 'हळू उचला, मी पोतं नाही' हेही होतं, पण ते आधी येतं. तेव्हा 'हो' धरून चला. तिच्या 'हो' वर घर चालू शकतं. पाणी हवं का, हो. दिवा घालवू का, हो. तुमच्या घरात तसंही तिचंच 'हो' चालायचं.

कशालाही दुसरा हात लावण्याआधी त्याची नक्कल करा, दोन ठिकाणी. सावलीला झोपवून ठेवा, म्हणजे जुनी डबी जोडू नका. मग हे लिहा:

cp .wav ek.wav
aplay ek.wav

पहिल्या ओळीने नक्कल होईल, ती ek फाइल दुकानातून आणलेल्या नव्या डबीवरही ठेवा. मग लावा. आणि ताईला आता खरं सांगा.

छोट्या


१६ फेब्रुवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

नकला केल्या. दोन म्हणाला होतास, मी पाच केल्या. लेकीला शेजारी बसवून केल्या, प्रत्येक अक्षर तिला वाचून दाखवत.

हिला खरं सांगायचं होतं. सकाळी अंग पुसून झाल्यावर खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. इंटरनेटवरची ओळ, सावली, डबी, दुकानदार. ती बघत होती. मी म्हणालो, एक उरलं आहे, 'हो' असेल असं छोट्या म्हणतो. आणि 'हो' असेल तर त्याला शोभेल असा प्रश्न विचारायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. फार विचार केला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात एकच 'हो' हाताशी आहे, तर ते कशासाठी खर्चायचं? शेवटी विचारलं, "मी इथेच बसू का?"

तेवढ्यात लेकीचा संयम सुटला. ती दारात उभी होती. म्हणाली, "बसू का काय विचारता, बाबा? सगळं घालवलंत आणि आता तिच्याकडूनच हो म्हणवून घेताय?" मी कळ दाबली.

आधी कापडाची सळसळ. ते कपाट, त्यातल्या रजया, तुम्ही दोघं आत बसून आवाज भरत होतात तेव्हाची. मग तिचा श्वास. जीभ तेव्हाच जड व्हायला लागली होती, तरी तीच. घरात ती अशी मोकळी, अशी खरखरीत, वर्षभराने बोलत होती असं मला वाटलं, जरी मशीन बिघडेपर्यंत रोजच ऐकत होतो.

"ह्यांना रागावू नका."

थोडं थांबून, तशाच आवाजात: "झालं? मग दार उघड आता, गुदमरतंय मला."

लेक दारातच खाली बसली. मी हिच्याकडे बघायचं टाळत होतो, मग बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. लेकीकडे बघत होती, लहानपणी शाळेतून मारामारी करून आली की बघायची तशी.

हे वाक्य यादीत नव्हतं. मी यादी तीनदा तपासली होती.

दाजी


१८ फेब्रुवारी

आदरणीय दाजी,
सा. न.

यादीत नव्हतं, बरोबर. त्या दिवशी तिने तुम्हाला औषधाच्या दुकानात पिटाळलं होतं, आठवतं? औषध घरात होतं. कपाटाचं दार ओढून घ्यायला लावलं आणि म्हणाली, हे एक भर, पण समोर दिसेल असं ठेवू नको, शेवटी कुठेतरी टाक, वेळ आली तर लागेल. मी म्हटलं, कशाची वेळ? म्हणाली, मी बोलायची बंद झाले की सगळे ह्यांच्यावर धावून जातील, आणि ह्यांना उलटून बोलता येत नाही. दार उघडायचं वाक्य कापायचं मी विसरलो, आळशीपणाने. मग मी हे सगळंच विसरलो.

आणि 'हो' का नव्हतं तेही मोजलं. मशीनच्या क्रमात काना, मात्रा, वेलांटी सगळं होऊन गेलं की सर्वांत शेवटी पाय मोडलेलं अक्षर येतं. हो च्या नंतर ह्या. तुमच्या लाल पेन्सिलीचं ऐकून मी 'यांना' लिहिलं असतं, तर हे वाक्य मध्येच कुठेतरी चिरडलं असतं.

उरलेली वाक्यं परत येणार नाहीत, दाजी. आता मी ते लपवत नाही.

छोट्या


२१ फेब्रुवारी

चि. छोट्यास आशीर्वाद.

खुर्चीला छोटं यंत्र लावलं. त्यात एकच फाइल आहे. तिचं नाव आम्ही ek ठेवलं आहे, त्यामुळे चौकोन दिसत नाही. काल पेरूखाली बसलो होतो. शेजारी विचारायला आले, मशीनचं काय झालं हो, कोणी बिघडवलं? तिने कळ दाबली. शेजारी 'दार उघड' ऐकल्यावर इकडेतिकडे दार शोधायला लागले. मी हसलो. ती हसली की नाही ते आता ओळखता येत नाही, पण पापणी हलली.

दुखतं कुठे, तहान लागली का, काही कळत नाही. अंदाजाने पाणी देतो, अंदाजाने कूस बदलतो. फळा मात्र तिने पुन्हा धरला आहे. फार वेळ लागतो, आणि डोळा लवकर थकतो. आज म्हणाली, तुला पत्र लिहायचं आहे. मी ओळींवरून बोट फिरवत गेलो, ती डोळे मिटून थांबवत गेली. सकाळी सुरू केलं ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. तिने सांगितलं तसं, एकही अक्षर न सुधारता, खाली उतरवतो आहे:

छोट्या मशीन ह्यांनीच बिघडवलं ते मला त्याच दिवशी कळलं पडदा समोरच होता ह्यांना सांगू नकोस